संशोधनलेखातील संदर्भ : नोंदीची शिस्त आणि गावाचा पुरावा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत विपुल लेखन झाले आहे. जमाबंदी अधिकाऱ्यांनी महसुलाचे अहवाल लिहिले, पुरातत्त्वज्ञांनी भांदक व मार्कंडा येथील अवशेषांची वर्णने केली, वनाधिकाऱ्यांनी कार्य आयोजना तयार केल्या, मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी गोंड व माडिया समाजजीवनाच्या नोंदी घेतल्या आणि वैद्यकीय संशोधकांनी बालमृत्यूंची कारणे शोधली. दिनांक २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर या भागातील प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना आपल्याच परिसरावर संशोधन करण्याची जवळची सोय झाली. या लेखनात रोज नवी भर पडत आहे.

लेखन वाढते तसा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. लेखात दिलेली माहिती आली कोठून, हे वाचकाला कळते काय? संशोधनलेखात संदर्भ देण्याची जी पद्धत रूढ आहे, ती या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आहे. अनेकदा तिच्याकडे विद्यापीठाने लादलेला एक उपचार म्हणून पाहिले जाते. स्वल्पविराम कोठे द्यावा व पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत छापावे काय, एवढ्यापुरताच तिचा विचार होतो. वास्तविक वनप्रदेशातील गावांच्या दृष्टीने या शिस्तीचे मोल पदवीपेक्षा मोठे आहे. नीट संदर्भ दिलेला एक परिच्छेद उद्या एखाद्या ग्रामसभेच्या हक्काचा आधार होऊ शकतो. संदर्भ नसलेला संपूर्ण प्रबंधही अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

तीन प्रश्नांची उत्तरे

संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता होय. त्यातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. माहिती कोणी दिली, केव्हा दिली आणि ती आज कोठे पाहावयास मिळेल. लेखकाचे नाव पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, प्रकाशनाचे वर्ष दुसऱ्याचे, तर ग्रंथाचे किंवा नियतकालिकाचे नाव, खंड, प्रकाशक व पृष्ठांक तिसऱ्याचे. यांपैकी एक जरी दुवा तुटला तरी वाचक मूळ ठिकाणी पोहोचू शकत नाही.

गडचिरोलीतीलच एक उदाहरण घेता येईल. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या देखभालीचा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात केला. त्याचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात १९९९ साली, खंड ३५४ मध्ये, पृष्ठे १९५५ ते १९६१ वर प्रसिद्ध झाले. लेखकांची नावे, वर्ष, नियतकालिक, खंड आणि पृष्ठे एवढ्या तपशिलावर जगातील कोणत्याही ग्रंथालयात तो लेख काढून वाचता येतो. प्रयोग ३९ गावांत झाला व तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती, हे त्यात तपासता येते. घरी जाऊन नवजात बालकांची देखभाल करण्याचा कार्यक्रम २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर हाती घेण्यात आला. एका जिल्ह्यातील गावांचा अनुभव राष्ट्रीय धोरणापर्यंत जातो, तेव्हा तो तपासता येण्याजोग्या स्वरूपात मांडलेला असावा लागतो.

याच लेखातून आणखी एक धडा मिळतो. त्यात ‘६२’ हा आकडा दोन ठिकाणी येतो. प्रयोगापूर्वीच्या काळात, म्हणजे १९९३ ते १९९५ मध्ये, प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. पुढे प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, हा दर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एक आकडा दराचा आहे, दुसरा घटीचा. ‘गडचिरोलीत ६२’ एवढेच टिपून ठेवणारा अभ्यासक पुढे कोणता अर्थ लावील, हे सांगता येत नाही. म्हणून आकड्याबरोबर त्याचे परिमाण, काळ आणि पृष्ठांक त्याच वेळी लिहून ठेवणे आवश्यक असते.

जिल्ह्याचे नाव एक, सीमा अनेक

या प्रदेशाविषयी लिहिताना संदर्भातील वर्षाला विशेष महत्त्व आहे. येथील जिल्ह्यांची नावे व सीमा वारंवार बदलल्या. ब्रिटिश अमदानीत हा मध्य प्रांतातील चांदा जिल्हा होता. १९०५ साली काही जमीनदारी मुलूख वेगळा काढून गडचिरोली तहसील निर्माण करण्यात आली. हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग असलेली राजुरा तहसील १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यात आली आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडली गेली. १९६४ च्या सुमारास चांदा हे नाव बदलून चंद्रपूर झाले. दिनांक २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

याचा परिणाम सरळ आहे. १९८१ च्या जनगणनेतील ‘चंद्रपूर जिल्हा’ आणि २०११ च्या जनगणनेतील ‘चंद्रपूर जिल्हा’ हे नावाने एक असले, तरी भूप्रदेशाने एक नाहीत. पहिल्यात आजचा संपूर्ण गडचिरोली समाविष्ट आहे. २०११ मध्ये चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२ अशी वेगवेगळी मोजली गेली. दोन जनगणनांचे आकडे शेजारी ठेवून एखाद्याने चंद्रपूरच्या लोकसंख्यावाढीचा दर काढला, तर गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकीचा निघेल. संदर्भात जनगणनेचे वर्ष लिहिलेले असेल आणि त्या वेळच्या सीमेची नोंद तळटीपेत असेल, तर वाचकाच्या ही गोष्ट तत्काळ ध्यानात येते.

ताडोबाच्या क्षेत्रफळाबाबतही असाच गोंधळ आढळतो. कोणी ते ११६.५५ चौरस किलोमीटर लिहितो, कोणी सुमारे ६२५, तर कोणी सुमारे १,७२७. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला १९५५ साली स्थापन झालेल्या ताडोबा राष्ट्रीय उद्यानाचा आहे. दुसऱ्यात १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळवलेले असून तो व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचा आहे. तिसऱ्यात पुढे जोडलेले बफर क्षेत्रही आहे. आकडा कोणत्या वर्षाच्या, कोणत्या कागदातून घेतला हे लिहिले, तर वाद उरत नाही.

न वाचलेल्या ग्रंथाचा हवाला

आरमोरी तालुक्यातील वैरागड येथे पूर्वी हिऱ्यांची खाण होती, असा उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-ई-अकबरी’त आहे. या भागावर लिहिणारे अनेक लेखक तो देतात. परंतु मूळ ग्रंथ फारशीत आहे. त्याच्या ज्या खंडात सुभ्यांचे वर्णन आहे, त्याचा जॅरेटकृत इंग्रजी अनुवाद १८९१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. बहुतेक अभ्यासकांच्या हाती प्रत्यक्षात यांपैकी काहीच आलेले नसते. त्यांनी ही माहिती जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा त्यावर आधारलेल्या एखाद्या पुस्तकात वाचलेली असते.

अशा वेळी प्रामाणिक रीत अशी, की जे वाचले त्याचाच हवाला द्यावा. अनुवाद पाहिला असल्यास अनुवादकाचे नाव व अनुवादाचे वर्ष लिहावे. गॅझेटियरमधून माहिती घेतली असल्यास ‘अबुल फजल, अमुक गॅझेटियरमध्ये उद्धृत’ असे स्पष्ट म्हणावे. यात कमीपणा मुळीच नाही. मधल्या लेखकाने नाव चुकीचे लावले असेल किंवा अंतर चुकीचे मोजले असेल, तर ती चूक कोठे शिरली हे पुढच्या अभ्यासकाला शोधता येते. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणला, तर मधल्या ग्रंथाची चूक अबुल फजलच्या माथी बसते आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते.

लेखाची बांधणी आणि संदर्भाच्या पद्धती

संशोधनलेखाची सर्वसाधारण बांधणी ठरलेली आहे. शीर्षक व लेखकाचे नाव, थोडक्यात सारांश, प्रस्तावना, अभ्यासाची पद्धत, आढळलेली तथ्ये, त्यांवरील चर्चा, निष्कर्ष आणि शेवटी संदर्भसूची असा क्रम असतो. प्रत्येक कोष्टकाला क्रमांक व शीर्षक द्यावे आणि त्याच्या खाली आकड्यांचा स्रोत लिहावा. नकाशा असल्यास तो कोणत्या वर्षाचा व कोणत्या प्रमाणाचा, हेही नोंदवावे.

संदर्भ देण्याच्या पद्धती मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव व वर्ष देतात आणि संपूर्ण तपशील शेवटच्या सूचीत येतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे ‘एपीए’ पद्धत या प्रकारची असून तिचा आरंभ १९२९ मधील एका छोट्या टिपणापासून झाला. सामाजिक शास्त्रे व शिक्षणशास्त्र यांत ती अधिक वापरली जाते. दुसऱ्या प्रकारात मजकुरात फक्त क्रमांक येतो आणि सूची त्याच क्रमाने लावलेली असते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र येऊन आखलेली पद्धत या वर्गात मोडते. तिसरा प्रकार तळटीपांचा. इतिहासाच्या अभ्यासकांना तो सोयीचा वाटतो, कारण दप्तरातील कागदाचा लांबलचक तपशील तळटीपेत सहज मावतो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ पासून प्रसिद्ध केलेल्या नियमपुस्तिकेत या पद्धतीचे सविस्तर विवेचन आढळते.

यांपैकी कोणती पद्धत घ्यावी, हे विद्यापीठाच्या किंवा नियतकालिकाच्या सूचनेवरून ठरवावे. एकदा घेतलेली पद्धत मात्र लेखाच्या शेवटपर्यंत सोडू नये. एका पानावर कंस, दुसऱ्यावर तळटीप असा प्रकार झाल्यास वाचकाचा माग चुकतो.

मराठीतील लेखनात काही बाबींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. सूचीत आडनाव आधी व आद्याक्षरे नंतर घ्यावीत. नोंदींचा क्रम देवनागरी वर्णमालेप्रमाणे लावावा. मराठी व इंग्रजी ग्रंथ एकाच सूचीत मिसळण्याऐवजी दोन स्वतंत्र विभाग करणे सोयीचे ठरते. लेखक अनेक असल्यास मजकुरात पहिले नाव देऊन ‘व इतर’ लिहिता येते. तळटीपेत ‘तत्रैव’ हा शब्द वापरताना सावध राहावे. लेखाची दुरुस्ती करताना मध्येच नवी तळटीप घातली गेली, तर ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. कच्च्या मसुद्यात प्रत्येक वेळी ग्रंथाचे संक्षिप्त नावच लिहावे आणि अंतिम प्रत तयार करताना ‘तत्रैव’ योजावा, हे श्रेयस्कर.

शासकीय कागदांची नोंद

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या लेखनात शासकीय कागदांचा आधार वारंवार येतो. शासन निर्णयाचा उल्लेख करताना विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक व दिनांक या तिन्ही गोष्टी हव्यात. संकेतस्थळावरील निर्णयाला स्वतंत्र सांकेतांक असतो, तोही लिहावा. ‘शासनाच्या एका परिपत्रकानुसार’ असे वाक्य वाचकाच्या काहीच उपयोगी पडत नाही. संकेतस्थळावरील मजकूर बदलतो किंवा काढून टाकला जातो. म्हणून तो ज्या दिवशी पाहिला तो दिनांक नोंदवून त्याची प्रत जपून ठेवावी.

‘गॅझेटियर’ एवढा उल्लेखही पुरेसा नाही. मध्य प्रांताचे ग्रँट यांनी संपादित केलेले गॅझेटियर १८७० चे, चांदा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर १९०९ चे, आणि महाराष्ट्र शासनाने काढलेले चंद्रपूर जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर त्यानंतरचे. प्रत्येकातील चित्र वेगळ्या काळाचे आहे. अहवालांच्या बाबतीत काम केल्याचे वर्ष आणि छपाईचे वर्ष यांतही अंतर असते. कनिंगहॅम यांचा मध्य प्रांतातील दौरा १८७३ ते १८७५ या काळातला, परंतु त्याचा अहवाल छापला गेला १८७९ मध्ये. पुरातत्त्वीय अवशेषाची स्थिती सांगताना दौऱ्याचे वर्ष महत्त्वाचे, तर ग्रंथ शोधताना छपाईचे.

राजुरा भागातील जुन्या दप्तरात फसली सन आढळतो. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळवले असता स्थूलमानाने इसवी सन येतो. संदर्भात मूळ सन जसाच्या तसा लिहून पुढे कंसात इसवी सन द्यावा. केवळ रूपांतरित वर्ष दिले, तर दप्तरखान्यातील कागद शोधणाऱ्याची अडचण होते.

तोंडी माहितीलाही संदर्भ

वनप्रदेशातील पुष्कळसे ज्ञान कागदावर उतरलेलेच नाही. कोणत्या नाल्यापर्यंत गावाची शिव, कोणत्या पहाडीवरील देवस्थान कोणत्या गोत्राचे, मोहफूल वेचण्याचा कोणता भाग कोणाचा, हे जाणत्या माणसांच्या स्मरणात असते. अशी माहिती ‘स्थानिक लोकांच्या मते’ या तीन शब्दांत गुंडाळणे हा तिच्यावर अन्याय आहे. सांगणाऱ्याचे नाव, अंदाजे वय, गाव, भाषा, मुलाखतीचा दिनांक व स्थळ यांची नोंद ठेवावी. मुलाखत गोंडी किंवा माडियात झाली असल्यास भाषांतर कोणी केले, हेही लिहावे. नाव प्रसिद्ध करण्यास सांगणाऱ्याची संमती घ्यावी. संमती नसल्यास नाव गुप्त ठेवून बाकीचा तपशील द्यावा. ग्रंथकर्त्याला जो मान, तोच ज्ञान सांगणाऱ्या वृद्धेला मिळावा, हा यातील न्याय आहे.

कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली संमत झाला. त्याखालील २००८ च्या नियमांतील तेरावा नियम दाव्यांच्या पुराव्यांविषयी आहे. दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लेखी उतरवून घेतलेली माहिती या नियमानुसार पुरावा ठरते. गॅझेटियर, जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना, समित्यांचे अहवाल व शासकीय आदेश यांचाही त्यात समावेश आहे. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणासारख्या नामवंत संस्थांनी केलेले संशोधनपर अभ्यास व रूढींच्या नोंदी यांनाही तेथे स्थान आहे. सामूहिक हक्कांच्या बाबतीत निस्तारासारख्या परंपरागत हक्कांचा पुरावाही ग्राह्य धरला जातो. निर्णय करताना एकाहून अधिक पुराव्यांचा विचार व्हावा, असेही नियम सांगतो.

संशोधनलेखाच्या संदर्भसूचीत सामान्यतः जी साधने येतात, त्यांपैकी बहुतेक सर्व या यादीत आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटाची परंपरा अनेक वर्षे चालविली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कायदे वाचावेत, कागद समजून घ्यावेत, चर्चा करावी आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करावा, अशी तेथील रीत. २००९ साली मेंढा (लेखा) व मर्दा या गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. देशात असे हक्क प्रथम मिळवणाऱ्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कार्याशी जोडलेला हा इतिहास सर्वश्रुत आहे. कागद कोठे आहे आणि त्यात काय म्हटले आहे, हे जाणणारे गाव आपले म्हणणे ठामपणे मांडू शकते, हा त्यातील अर्थ संशोधकांनी ध्यानी घ्यावयास हवा.

एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात गावाच्या निस्तार हक्काचा उल्लेख केला, पण तो कोणत्या निस्तार पत्रकातून, कोणत्या वर्षाच्या व कोणत्या कार्यालयातील दप्तरातून घेतला हे लिहिले नाही, तर ग्रामसभेला त्याचा उपयोग होत नाही. तोच तपशील एका ओळीत लिहिला असता, तर वनहक्क समितीला नेमका कागद मागता आला असता. प्रबंधासाठी ज्यांनी माहिती दिली, त्यांचे ऋण फेडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

उसने घेतल्याची कबुली

संदर्भ न देता दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून वापरणे हे वाङ्मयचौर्य होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी विनियम जारी केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला त्यांत शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला ठराविक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई होते, तर साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची या मोजणीतून वगळण्यात येतात. म्हणजेच जो उघडपणे श्रेय देतो त्याला भय नाही.

तथापि केवळ शिक्षेच्या भीतीने दिलेला संदर्भ अपुराच असतो. यंत्राने मोजलेले साम्य कमी आले म्हणजे लेख प्रामाणिक झाला, असे समजण्याचे कारण नाही. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार घेतला, तरी श्रेय द्यावेच लागते. गावकऱ्यांनी सांगितलेल्या वनौषधींच्या ज्ञानाला असे यंत्र ओळखत नाही, म्हणून त्याचे श्रेय बुडवणे क्षम्य ठरत नाही.

शाळा व ग्रामपंचायत यांनी काय करावे

ही सवय विद्यापीठात पोहोचण्यापूर्वीच लागली पाहिजे. शालेय प्रकल्पात ‘माहिती कोठून मिळाली’ असा एक रकाना शिक्षकांनी सक्तीचा करावा. पाठ्यपुस्तकाचे पान, आजोबांनी सांगितलेली गोष्ट, ग्रामपंचायतीतील फलक, जे असेल ते मुलांनी लिहावे. आठवीतील मुलगी आजीचे नाव व दिनांक लिहून मोहफुलांवरील टिपण पुरे करते, तेव्हा संशोधनाचा पहिला धडा तिने घेतलेला असतो.

ग्रामपंचायतीने व ग्रामसभेने आपल्या गावाविषयीच्या कागदांची एक नोंदवही ठेवावी. कागदाचे नाव, क्रमांक, दिनांक, मूळ प्रत कोठे आहे व छायाप्रत कोणाकडे आहे, एवढे पाच रकाने पुरतात. गावात अभ्यासासाठी येणाऱ्या संशोधकाने आपल्या लेखाची किंवा प्रबंधाची एक प्रत ग्रामसभेला द्यावी, अशी अट ठरावाद्वारे घालता येईल. ती प्रत हाती आल्यावर प्रथम शेवटची पाने उलटावीत व संदर्भसूची वाचावी. गावाविषयी यापूर्वी कोणी, काय व कोठे लिहून ठेवले आहे, याचा शोध तेथून सुरू होतो.